विस्मृतीचें माप घेणारे पंडित : हेरमान एबिंगहाउस

रात्रीं चोख पाठ केलेली कविता सकाळीं वर्गांत म्हणावयास उभें राहतांच अर्धीअधिक नाहींशी झालेली असते, हा अनुभव आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणास नाहीं ? गुरुजींस वाटतें, मुलानें अभ्यास केला नाहीं. आईस ठाऊक असतें कीं त्यानें तो केला होता. आणि मुलास स्वतःस कांहींच उमजत नाहीं. हा विसर पडतो तो किती, किती वेळांत, आणि कांहीं नियमानें कीं केवळ मनाच्या लहरीप्रमाणें, हा प्रश्न मनाशीं धरून ज्या एका जर्मन पंडितांनीं आयुष्याचीं कांहीं वर्षें घोकण्यांत आणि विसरण्यांत घालविलीं, त्या हेरमान एबिंगहाउस ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

एबिंगहाउस ह्यांचा जन्म ता. २४ जानेवारी १८५० रोजीं जर्मनींतील ऱ्हाइन नदीच्या मुलुखांत बार्मेन ह्या गांवीं झाला. हें गांव कापडाच्या धंद्याकरितां नांवाजलेलें होतें. १९२९ सालीं तें शेजारच्या गांवांशीं एकत्र करण्यांत आलें, आणि आज तें वुपर्टाल शहराचा एक भाग आहे. वडील कार्ल एबिंगहाउस हे ल्यूथरपंथी, सुखवस्तु व्यापारी होते. गांवच्या विद्यालयांतील शिक्षण संपवून हेरमान १८६७ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, बॉन येथील विश्वविद्यालयांत दाखल झाले. इतिहास आणि भाषाशास्त्र शिकावें असा प्रथम बेत होता. परंतु तेथें गेल्यावर मन तत्त्वज्ञानाकडे वळलें. मध्यंतरीं हाले व बर्लिन येथेंहि त्यांनीं कांहीं काळ अध्ययन केलें. इतक्यांत १८७० सालीं जर्मनी व फ्रान्स ह्यांचें युद्ध जुंपलें, आणि ह्या तरुण विद्यार्थ्यास पुस्तकें बाजूस ठेवून प्रशियाच्या सैन्यांत जावें लागलें. युद्धावरून परत आल्यावर त्यांनीं हार्टमान ह्या तत्त्ववेत्त्याच्या अबोध मनाविषयींच्या मतांवर प्रबंध लिहिला, आणि १८७३ सालीं बॉन येथें पंडिताची पदवी मिळविली.

पदवी हातीं आली, परंतु पुढें काय करावें हें ठरत नव्हतें. इंग्लंड आणि फ्रान्स ह्या देशांत ते कांहीं वर्षें राहिले. मुलांस शिकवून निर्वाह करीत आणि उरलेला वेळ वाचनांत घालवीत. ह्याच काळांत जुन्या पुस्तकांच्या एका दुकानीं त्यांस फेखनर ह्या शास्त्रज्ञाचा १८६० सालचा एक ग्रंथ सांपडला असें सांगतात. हातांत हलकें ओझें असतां त्यांत थोडी भर पडली तरी ती लगेच कळते. तेंच ओझें जड असेल तर तेवढी भर मुळींच जाणवत नाहीं. बाहेरची वस्तु किती वाढली म्हणजे मनांतील जाणीव किती वाढते, हें फेखनर ह्यांनीं गणितानें मांडून दाखविलें होतें. एबिंगहाउस ह्यांच्या मनानें घेतलें कीं, जाणिवेचें माप घेतां येतें तर स्मृतीचें कां येऊं नये ?

हा विचार त्या काळीं केवढ्या धाडसाचा होता तें आज सहज ध्यानांत येणार नाहीं. मानसशास्त्राची जी प्रयोगशाळा पहिली म्हणून मानितात, ती वुंट ह्यांनीं १८७९ सालीं लाइपझिग येथें स्थापन केली. डोळा, कान, त्वचा ह्यांच्या संवेदनांवर तेथें प्रयोग होत. परंतु स्मरण, विचार इत्यादि मनाच्या वरच्या व्यापारांस प्रयोगाची कसोटी लावितां येत नाहीं, असें स्वतः वुंट ह्यांचेंच मत होतें. त्याच १८७९ सालीं एबिंगहाउस ह्यांनीं आपल्या प्रयोगांस आरंभ केला. त्यांजवळ प्रयोगशाळा नव्हती, साहाय्यक नव्हता, आणि प्रयोग ज्यावर करावयाचा तो मनुष्यहि दुसरा कोणी नव्हता. शिकणारेहि तेच आणि परीक्षकहि तेच !

पहिली अडचण घोकावें काय ही होती. कविता घ्यावी तर तिच्यांतील एखादी ओळ पूर्वीं कोठें ऐकलेली असते, एखादी मनास भावते, एखादी मुळींच आवडत नाहीं; मग मोजमाप कशाचें घ्यावयाचें ? ह्यावर त्यांनीं एक साधी युक्ति काढिली. दोन व्यंजनें आणि त्यांमध्यें एक स्वर असे लहान लहान शब्द त्यांनीं रचिले. मराठींत नमुना द्यावयाचा तर 'ढुल्', 'मोफ्', 'झेख्' असे, ज्यांस अर्थ म्हणून नाहीं. असे सुमारे २३०० शब्द त्यांनीं तयार केले. ते मिसळून, चिठ्ठ्या काढाव्या त्याप्रमाणें त्यांतून हवे तितके काढावयाचे, ओळीनें मांडावयाचे, आणि घड्याळाच्या टिकटिकीच्या तालावर, मिनिटास १५० ह्या वेगानें, एकाच सुरांत वाचीत राहावयाचें. ओळ न चुकतां म्हणतां आली म्हणजे पाठांतर पुरें झालें असें समजून लागलेला वेळ टिपून ठेवावयाचा. पंधरा सेकंद विसांवा, कीं पुढची ओळ सुरू. कांहीं कल्पना लढवून शब्द लक्षांत ठेवण्याची त्यांनीं स्वतःस सक्त मनाई केली होती. प्रयोग चालू असतां दिनक्रम शक्य तितका एकसारखा ठेवीत, आणि दिवसाच्या ठराविक वेळींच बसत. कांहीं प्रयोगांत एकेक ओळ चौसष्ट वेळां वाचावयाची असे. अशा सहा ओळींस पाऊण तास लागे, आणि शेवटीं शेवटीं थकवा येऊन डोकें दुखूं लागे, असें त्यांनींच नमूद करून ठेविलें आहे.

आतां दुसरी अडचण. विसरलेलें मोजावयाचें कसें ? एखादा पाठ आठवत नाहीं म्हणजे तो सर्वस्वीं गेला असें सामान्यतः आपण समजतों. एबिंगहाउस ह्यांनीं तसें मानिलें नाहीं. जो पाठ प्रथम १००० सेकंदांत तयार झाला होता, तोच कांहीं दिवसांनीं पुन्हां तयार करण्यास ६०० सेकंद पुरले, तर ४०० सेकंद वांचले. म्हणजे शेंकडा ४० भाग मनांत कोठें तरी शिल्लक होता, मग तो आठवो वा न आठवो. ही बचतीची कल्पना आम्हांस त्यांच्या सर्व कार्यांत श्रेष्ठ वाटते. मुलाच्या तोंडून एक शब्दहि येत नसतां त्याचा कालचा अभ्यास फुकट गेलेला नसतो, ही गोष्ट तिनें प्रथम आंकड्यांनीं सिद्ध केली.

ह्या रीतीनें १८७९ व १८८० ह्या सालीं त्यांनीं जे प्रयोग केले, त्यांत विस्मृतीसंबंधीं १६३ जोड-परीक्षा होत्या. बहुतेक परीक्षांत तेरा तेरा शब्दांच्या आठ ओळी पाठ करावयाच्या, आणि ठराविक अवधीनंतर त्याच पुन्हां पाठ करावयाच्या. हिशेब असा निघाला. सुमारे २० मिनिटांनीं शेंकडा ५८ बचत राहिली. एका तासानें ४४. पावणेनऊ तासांनीं ३६. एका दिवसानें ३४. दोन दिवसांनीं २८. सहा दिवसांनीं २५. आणि ३१ दिवसांनीं २१. वाचकांनीं हे आंकडे पुन्हां एकदां नीट पाहावे. पहिल्या तासांत अर्ध्याहून अधिक गेलें. परंतु सहाव्या दिवसापासून एकतिसाव्या दिवसापर्यंत, जवळजवळ महिनाभरांत, फक्त चार भाग गेले. कागदावर रेषा काढिली तर ती प्रथम कड्यावरून कोसळावी तशी उतरते, आणि मग सपाट मैदानासारखी दूरवर पसरत जाते. हीच ती पुढें जगभर प्रसिद्ध झालेली विस्मरणरेषा.

एकट्या मनुष्याच्या स्मृतीवरून असा नियम सांगणें कितपत योग्य, अशी शंका कोणासहि येईल. ती प्रथम त्यांस स्वतःसच आली. म्हणून त्यांनीं पुस्तक छापण्याची घाई केली नाहीं. १८८३ व १८८४ ह्या सालीं त्यांनीं नवे प्रयोग केले, जुन्यांचा पडताळा पाहिला, आणि मगच १८८५ सालीं 'स्मृतीविषयीं' ह्या अर्थाच्या नांवाचा आपला लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें अनेकांनीं हे प्रयोग करून पाहिले. २०१५ सालीं आम्स्टरडॅम येथील दोघां संशोधकांनीं तीच पद्धति शक्य तितकी जशीच्या तशी उचलली. त्यांच्या प्रयोगांत एका मनुष्यानें सुमारे ७० तास पाठांतर केलें, आणि रेषा बहुतेक तशीच निघाली. चोवीस तासांच्या जागीं मात्र ती किंचित् वर उचललेली दिसली, आणि रात्रीची झोंप स्मृतीस साहाय्य करीत असावी असा तर्क त्यांनीं केला.

ह्याच ग्रंथांत आणखी एक गोष्ट आहे, जिचें महत्त्व पुढच्या पिढ्यांस अधिक कळलें. किती शब्द एका वाचनांत बिनचूक म्हणतां येतात, हें त्यांनीं पाहिलें, तेव्हां तो आंकडा सातच्या आसपास आला. मग बारा शब्दांस दोन वाचनें पुरावीं असें वाटेल. पण तशीं तीं पुरलीं नाहींत. बारांस सरासरी १६ ते १७ वाचनें लागलीं, सोळांस ३०, चोविसांस ४४, आणि छत्तिसांस ५५. सातांपर्यंत मन एका झडपेंत सर्व उचलतें, आणि सातांच्या पुढें पाऊल पडतांच एकदम कष्टाचा प्रांत लागतो, हें कां ? आजचे मानसशास्त्रज्ञ ह्याचें उत्तर असें देतात कीं, मनुष्याची स्मृति एकाच जातीची नाहीं. एक अल्पकालीन असते. तिच्यांत थोडेंच मावतें आणि तें क्षणभरच टिकतें. दुसरी दीर्घकालीन, तिच्यांत शिरण्यास वेळ व श्रम लागतात, परंतु तिच्यांतील सांठा वर्षानुवर्षें राहतो. एखाद्यानें सांगितलेला घराचा नंबर तोंडानें पुटपुटत आपण रस्ता चालतों, तोंवर तो पहिल्या स्मृतींत असतो. वाटेंत कोणी हांक मारिली कीं गेला! आपल्या स्वतःच्या घराचा पत्ता मात्र दुसऱ्या स्मृतींत असतो, आणि तो पुटपुटावा लागत नाहीं.

हा भेद एबिंगहाउस ह्यांनीं शब्दांनीं सांगितला नव्हता. १८९० सालीं अमेरिकेंतील विल्यम जेम्स ह्यांनीं प्राथमिक व दुय्यम अशा दोन स्मृति मानिल्या. १९०० सालीं ग्यॉटिंगेन येथील म्यूलर व पिल्त्सेकर ह्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, नवें शिकलेलें ओल्या चुन्यासारखें असतें. तें मुरण्यास अवधि लागतो, आणि तेवढ्यांत दुसरें कांहीं वर ओतलें तर पहिलें बिघडतें. १९५६ सालीं जॉर्ज मिलर ह्यांनीं सात ह्या आंकड्याकडे पुन्हां सर्वांचें लक्ष वेधिलें, आणि सुट्या अक्षरांचे अर्थपूर्ण गट बांधले तर तेवढ्याच जागेंत पुष्कळ अधिक मावतें हें दाखविलें. पुढें २००१ सालीं नेल्सन कोवन ह्यांनीं खरी मर्यादा चारांच्याच सुमारास आहे असें मत मांडिलें. ह्या दोन स्मृति खरोखरच निराळ्या असल्याचा सर्वांत विलक्षण पुरावा हेन्री मोलेसन ह्या अमेरिकन गृहस्थांच्या दुर्दैवांतून मिळाला. १९५३ सालीं अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून त्यांच्या मेंदूचा कांहीं भाग शस्त्रक्रियेनें काढण्यांत आला. त्यानंतर ते चार आंकडे ऐकून लगेच म्हणून दाखवीत, लहानपणींच्या गोष्टी सांगत; परंतु नुकताच भेटून गेलेला मनुष्य थोड्या वेळानें परत आला तर त्यास ओळखीत नसत. एका स्मृतींतून दुसरींत जाण्याची वाटच तुटली होती. २००८ सालीं निधन पावेपर्यंत ते त्याच स्थितींत होते. ब्रेंडा मिलनर आदि संशोधकांच्या परीक्षांस मात्र त्यांनीं अनेक वर्षें मोठ्या सौजन्यानें साहाय्य केलें.

असो. पुन्हां मूळ ग्रंथाकडे वळूं. पालकांच्या उपयोगाची अशी एक गोष्ट त्यांत आहे. बारा शब्दांची एक ओळ त्यांनीं एकाच दिवशीं लागोपाठ ६८ वेळां वाचिली, आणि दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां तयार करून पाहिली. तशाच दुसऱ्या ओळी त्यांनीं तीन दिवसांत मिळून ३८ वेळां वाचिल्या. परिणाम दोहोंचा सारखाच चांगला ! तीस वाचनें केवळ मध्यें रात्र जाऊं दिल्यानें वांचलीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं दिवा जाळीत बसलेल्या मुलाचें कौतुक करणाऱ्या घरांनीं हा हिशेब ध्यानांत घ्यावा अशी आमची विनंति आहे; ह्याहून स्वस्त साहाय्य अभ्यासास मिळणें कठीण.

अर्थहीन शब्दांवरच सारा भर दिल्याबद्दल त्यांजवर पुढें टीका झाली. केंब्रिज येथील बार्टलेट ह्यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, मनुष्य गोष्ट आठवितो तेव्हां तो ती जशीच्या तशी बाहेर काढीत नाहीं, तर आपल्या समजुतीप्रमाणें नव्यानें जुळवितो. अर्थ काढून टाकल्यावर जी उरते ती नित्याच्या व्यवहारांतील स्मृति नव्हेच. ही टीका आम्हांस बरीचशी ग्राह्य वाटते. परंतु अर्थाचें सामर्थ्य एबिंगहाउस ह्यांस ठाऊक नव्हतें असें मात्र म्हणतां येत नाहीं. बायरन ह्या इंग्रज कवीच्या 'डॉन जुआन' काव्यांतील कडवीं त्यांनीं त्याच पद्धतीनें पाठ करून पाहिलीं. सुमारे ८० अक्षरांचें एक कडवें आठ-नऊ वाचनांत तयार होई. तितक्याच निरर्थक शब्दांस सत्तर ते ऐशीं वाचनें लागावीं असा त्यांचा अंदाज होता. अर्थ, यमक आणि छंद ह्यांच्या साहाय्यानें श्रम दहांतून एकावर येतात, हा हिशेबहि त्यांचाच. ह्या कडव्यांची पुढील कथा मोठी मनोवेधक आहे. त्यांपैकीं कांहीं कडव्यांकडे त्यांनीं तब्बल बावीस वर्षें पाहिलें नाहीं. नंतर पुन्हां पाठ करावयास घेतलीं, तेव्हां नवीं कडवीं पाठ करण्यापेक्षां त्यांस थोडा कां होईना, पण कमी वेळ लागला. तरुणपणींचें घोकणें बावीस वर्षें मनाच्या तळाशीं पडून राहिलें होतें.

आतां त्यांचा पुढील आयुष्यक्रम सांगतों. १८८० सालीं त्यांस बर्लिन विश्वविद्यालयांत व्याख्यानें देण्याची परवानगी मिळाली होती. ही जागा पगाराची नसे, श्रोत्यांच्या फीवरच भागवावें लागे. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच १८८५ सालीं त्यांचे पुत्र यूलिउस जन्मले. तेहि मोठेपणीं तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. १८८६ सालीं एबिंगहाउस ह्यांस बर्लिन येथेंच कनिष्ठ दर्जाचें प्राध्यापकपद मिळालें. १८९० सालीं आर्थर कोनिग ह्यांच्याबरोबर त्यांनीं मानसशास्त्राचें एक त्रैमासिकासारखें शास्त्रीय नियतकालिक काढिलें आणि तें फार चांगलें चालविलें. रंगांच्या दृष्टीविषयींहि त्यांनीं लेखन केलें. परंतु ज्या विषयानें नांव झालें त्यावर ते पुढें फारसे प्रयोग करीत बसले नाहींत, आणि एकंदर लेखनहि बेतानेंच करीत. १८९४ सालीं बर्लिन येथील मुख्य प्राध्यापकाची जागा भरावयाची होती, ती कार्ल श्टुम्फ ह्यांस मिळाली. एबिंगहाउस ब्रेस्लाउ येथें गेले. (हें शहर दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्यें गेलें असून आज त्यास व्रॉत्सवाफ म्हणतात.)

ब्रेस्लाउ येथें शाळेच्या मुलांचा एक प्रश्न त्यांच्यापुढें आला. तेथें सकाळीं लागोपाठ पांच तास शाळा भरे. इतक्या वेळानें मुलांचीं मनें थकतात काय, हें नगराच्या अधिकाऱ्यांस समजून घ्यावयाचें होतें. एबिंगहाउस ह्यांनीं तीन परीक्षा योजिल्या : एक हिशेबांची, एक स्मरणाची, आणि तिसरी त्यांनीं नवीच शोधिलेली. तिसरींत एक उतारा देऊन त्यांतील कांहीं शब्द व शब्दांचे भाग गाळलेले असत, आणि संदर्भ पाहून मुलांनीं त्या जागा भरावयाच्या. पहिल्या दोन परीक्षांपेक्षां ह्या तिसरीवरून हुशार, मध्यम आणि मागासलेले विद्यार्थी ह्यांतील अंतर अधिक स्पष्ट कळलें. हें काम १८९७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि पुढें बुद्धिमापनाच्या कामीं पॅरिस येथील बिने ह्यांस ह्या पद्धतीचा उपयोग झाला. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नपत्रिकेंतील 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न ह्याच कुळींतला आहे, हें वाचून त्यांस एबिंगहाउस ह्यांजविषयीं प्रेम वाटेल कीं राग येईल, तें आम्ही सांगूं शकत नाहीं !

१९०५ सालीं ते हाले येथें प्राध्यापक म्हणून गेले. विद्यार्थिदशेंत जेथें अध्ययन केलें होतें तेंच हें गांव. मानसशास्त्राचा एक मोठा ग्रंथ त्यांनीं ब्रेस्लाउ येथें असतां लिहावयास घेतला होता, आणि त्याचा पहिला भाग पुरा होऊन विद्वानांत मान्य झाला होता. त्यांचें लिहिणें फार सुबोध असे. १९०८ सालीं त्याच विषयाचा एक संक्षिप्त ग्रंथ त्यांनीं प्रसिद्ध केला, आणि तोहि लोकांस आवडला. मोठ्या ग्रंथाचा दुसरा भाग मात्र त्यांच्या हातून पुरा व्हावयाचा नव्हता. १९०९ च्या फेब्रुवारींत त्यांस फुप्फुसाच्या दाहाचा विकार जडला, आणि ता. २६ रोजीं, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, हाले येथें त्यांचें देहावसान झालें. अपुरा राहिलेला भाग एर्न्स्ट ड्यूर ह्यांनीं पुढें चालवून १९१३ सालीं पुरा केला. त्याच वर्षीं स्मृतीवरील त्यांच्या लहान ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्क येथें कोलंबिया विश्वविद्यालयाच्या शिक्षकांच्या महाविद्यालयाकडून प्रसिद्ध झालें. ते एकटे ज्या वहींत आंकडे मांडीत बसत, त्या वहींतील कोष्टकें तेव्हांपासून इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातीं पडूं लागलीं.